मिठाचे तांडे आणि मुक्कामाची जागा

हिवाळ्याच्या दिवसांत मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें पेण व वडखळ मागें टाकलें, म्हणजे नागोठणें आणि कोलाड यांच्या दरम्यान अलीकडे एक नवीनच वाहन अधूनमधून दृष्टीस पडतें. बाहेरून तें मोठ्या मोटारीसारखें दिसतें. परंतु त्याच्या पोटांत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि चार भांडीं असा सगळा संसार मांडलेला असतो. त्यांतील माणसें खांब गांवापाशीं हमरस्ता सोडतात, सुरगडाच्या पायथ्याशीं रात्र काढतात, पहाटे गड चढून येतात आणि दुपारीं पुढच्या गडाकडे वळतात. रोह्याजवळचा अवचितगड, पेणजवळचा सांकशीचा किल्ला, पलीकडे घोसाळगड आणि तळगड, अशीं त्यांच्या मुक्कामाचीं ठिकाणें असतात. घर सोडून प्रवासास निघण्याऐवजीं घरासह प्रवासास निघण्याची ही तऱ्हा परदेशांतून आली, असा सर्वसाधारण समज आहे.

वाहनाची धाटणी परदेशी आहे हें खरें. परंतु घर बरोबर घेऊन, वाटेंत चढणी चढत आणि मुक्काम करीत जगणें ही गोष्ट या प्रदेशास मुळींच नवी नाहीं. पेण-रोह्याच्या खाड्यांपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत अशीं चालतीं घरें कित्येक पिढ्या ये-जा करीत होतीं. त्यांना चाकें नव्हतीं. तीं बैलांच्या पाठीवर होतीं. तीं घरें कां थांबलीं, याचें उत्तर बहुधा एका वाक्यांत दिलें जातें: आगगाडी आली आणि तांडे बसले. हें उत्तर खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. चालत्या घराला वाटेइतकीच किंवा वाटेहून अधिक गरज असते ती थांबण्याच्या जागेची. आणि तांड्यांच्या हातून वाट जाण्याबरोबरच मुक्कामही गेला, ही गोष्ट इतिहासांत पुरेशी नोंदली जात नाहीं.

या कथेचा आरंभ मिठापासून होतो. पेण हें भोगावतीच्या कांठचें गांव. भोगावती धरमतरच्या खाडीस मिळते आणि भरतीचें पाणी पेणच्या आसपासच्या सखल जमिनींत दूरवर शिरतें. रोहें कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर, तर अष्टमी समोरच्या तीरावर आहे. भरती साधून मचवे रेवदंड्याकडून थेट अष्टमीपर्यंत येत. खाडीकांठच्या खाजणांना बांध घालून भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, उथळ वाफ्यांतून तें फिरवीत उन्हानें आटवावयाचें आणि शेवटच्या वाफ्यांत मिठाचा दाणा धरूं लागला कीं तो ओढून त्याची रास करावयाची, हें काम पेण-उरण भागांतील आगरी लोक कित्येक पिढ्या करीत आले. पावसाळा उलगडल्यावर बांधबंदिस्ती व्हावी, हिवाळ्याच्या अखेरीस मीठ धरूं लागावें आणि मृगाच्या आधीं राशी शाकारून ठेवाव्यात, असा हा वर्षाचा क्रम असे.

घाटावर मीठ पिकत नाहीं. तेथील माणसाला तें हवें असतें आणि जनावरालाही. उलट कोंकणांत भात मुबलक असलें तरी गहूं, ज्वारी, कडधान्यें आणि गळिताचीं धान्यें यांची उणीव. तेव्हां घाटावरून धान्य उतरवावें आणि परतीस मीठ, सुकी मासळी, नारळ न्यावेत, हा व्यापार भूगोलानेंच ठरवून दिलेला होता. तो डोक्यावरून आणि कावडींतून होई; परंतु त्याचा मोठा भाग ओझ्याच्या बैलांवरून होई, आणि हे बैल प्रामुख्यानें वंजारी व लमाण यांचे असत. जुन्या लिखाणांत वंजारी, लमाण, चारण हीं नांवें एकमेकांच्या जागीं सरसकट वापरलेलीं आढळतात. आज महाराष्ट्रांत वंजारी आणि बंजारा हे दोन निरनिराळे समाज गणले जातात, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. लमाण या शब्दाची व्युत्पत्ति पुष्कळ जण संस्कृत ‘लवण’ शब्दापासून लावतात. ती मान्य केली तर मीठ हा ज्यांच्या नांवाचाच भाग झाला, असा हा समाज ठरतो.

तांडा म्हणजे केवळ बैलांची रांग नव्हे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या दोन यूरोपीय प्रवाशांनीं त्याचें वर्णन करून ठेवलें आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. बायकामुलें आणि सगळें घरसामान बरोबर असून हे लोक दिवसाकाठीं सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहींत, असें त्यानें नमूद केलें. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें तर असें लिहिलें, कीं या लोकांच्या चार शाखा असून एक गहूं-जोंधळा, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ वाहते. त्यांना स्थिर घर असें नसतेंच. अरुंद वाटेंत असा तांडा समोर आला तर तो संपूर्ण जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावें लागे, हाही त्याचा अनुभव. पेणला येणारे तांडे एवढे मोठे नसत, कारण घाटांतील वाटा तें होऊं देत नसत. परंतु घडण तीच होती.

तांड्याचा एक नाईक असे. कवड्यांनीं व घंटांनीं शृंगारलेला बैल पुढें चाले. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंना तोल साधून गोणी लादलेली असे. ज्या बैलांवर माल नसे त्यांच्यावर पालें, कांबळीं, भांडीं, जातें आणि चालूं न शकणारीं मुलें असत. सकाळीं लादावयाचें, ऊन चढण्याच्या सुमारास उतरावयाचें आणि मग दिवसाचा उरलेला भाग बैलांना चरावयास सोडावयाचें. या शेवटच्या गोष्टींत सगळ्या धंद्याचें मर्म होतें. गाडीवाल्याला चारा विकत घ्यावा लागे. तांड्याचा बैल वाटेवरच्या गवतावर जगे. म्हणूनच इतक्या मंद गतीनेंही तांड्याचें भाडें परवडत असे. सहा-सात मैलांची मजल ही आळसाची मजल नव्हती. ती गवताची मजल होती. पाणी आणि मोकळें कुरण जेथें असेल तेथें मुक्काम, आणि दोन मुक्कामांमधील अंतर म्हणजे एक दिवस, असें हें गणित होतें.

पेणहून घाट चढावयाचा तर मुख्य वाट खोपोलीवरून बोरघाटाची. नागोठणें व पाली या बाजूनें सवाष्णीचा आणि वाघजाईचा घाट तेलबैलाच्या पठारावर नेऊन सोडत. लोणावळ्याच्या दक्षिणेस नागफणीच्या कड्याशेजारून कुरवंड्याचा घाट कोंकणांत उतरतो. या वाटांवर चढण सुरू होण्यापूर्वीं एक मुक्काम आणि चढण संपल्यावर दुसरा मुक्काम, ही अपरिहार्य गोष्ट होती. थकलेला बैल चढणीवर घालतां येत नाहीं, आणि चढून आलेल्या बैलाला तसाच पुढें हांकतां येत नाहीं. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला मोठा तलाव व महादेवाचें देऊळ आजही आहे. घाटाच्या अगदीं पायथ्याशीं एवढें पाणी साठविण्याचें मोल घाट चढणाऱ्या प्रत्येक माणसाला व बैलाला कळत असलें पाहिजे. नागोठण्यास अंबा नदीवर सोळाव्या शतकांत निजामशाहीच्या काळीं बांधलेला दगडी पूल आहे. तो अरुंद आहे. त्याची रुंदी पायीं चालणाऱ्याच्या आणि लादलेल्या जनावराच्या सोयीची आहे.

आज ज्या गडांवर लोक हौसेनें चढतात, ते गड याच वाटांशीं बांधलेले आहेत. अवचितगड कुंडलिकेच्या खोऱ्याकडे पाहतो; सुरगड रोहें-नागोठण्याच्या मार्गावर नजर ठेवतो; सांकशीच्या किल्ल्यावरून पेणकडचा मुलूख दिसतो. या गडांवर चढून गेल्यावर सर्वांत अधिक जें आढळतें तें पाणी: कातळांत खोदलेलीं टांकीं, आणि अवचितगडावर तर बारा कोनांचा बांधीव तलाव. गडावरच्या शिबंदीला पाण्यावांचून राहतां येत नव्हतें आणि शिबंदीवांचून खालची वाट निर्धास्त होत नव्हती. वाटेवर जकात द्यावी लागे हें खरें. पण जकात घेणाऱ्यावर वाटेच्या रक्षणाची जबाबदारीही येई. गडाचें चढणें आणि वाटेचा मुक्काम यांचा संबंध असा जुना आहे.

मुक्काम हातचा गेला म्हणजे चालत्या छावणीची काय दशा होते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला याच डोंगरांत घडला. शाइस्तेखानानें कोंकण जिंकण्याकरितां कारतलबखानास मोठें सैन्य देऊन पाठविलें. तो कुरवंड्याच्या वाटेनें उतरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं चावणीजवळच्या उंबरखिंडींत शिवाजी महाराजांनीं त्याला पुढून व मागून कोंडलें. दाट रान, चिंचोळी वाट आणि पाण्याचा अभाव अशा अवस्थेंत ओझ्यानें जड झालेल्या त्या सैन्याला लढतां येईना आणि थांबतांही येईना. अखेर रायबागन हिच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करली व सारें सामान टाकून तो परत गेला. जी वाट तांडे नित्य चालत, तीच एका बलाढ्य फौजेला पेलली नाहीं; कारण कोठें थांबावें हें तांड्याला ठाऊक होतें, खानाला नव्हतें.

पुढें तेरा वर्षांनीं, म्हणजे मे १६७४ मध्यें, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठीं रायगडास निघाला. तो मुंबईहून चौलास आला, तेथून खाडीमार्गें अष्टमीस उतरला आणि निजामपूर, गांगवलीवरून पायथ्याच्या पाचाडास पोंचला. महाराज त्या वेळीं प्रतापगडास देवीच्या दर्शनाला गेले होते. वकिलाला पाचाडास तंबू ठोकून कांहीं दिवस वाट पाहावी लागली. आज्ञा आल्यावरच त्यानें गड चढला. नजराणे घेऊन आलेल्या परदेशी वकिलासही चढण्याआधीं थांबण्याची जागा आणि थांबण्याची परवानगी लागली. ती त्याला सन्मानानें मिळाली. तांड्यांनाही त्या काळच्या राज्यकर्त्यांकडून ती मिळत असे, कारण फौजांचें धान्य तेच वाहत. इंग्रजही याला अपवाद नव्हते. १८०३ सालच्या दक्षिणेंतील मोहिमेंत आर्थर वेलस्लीचा सगळा भरंवसा तांड्यांवर होता आणि त्याच्या पत्रव्यवहारांत त्यांचा उल्लेख पुन्हां पुन्हां येतो.

पण याच वेलस्लीनें १८०४ सालीं बोरघाटाची वाट तोफा नेण्याजोगी करविली, आणि येथून चाकांचें युग सुरू झालें. तरीही बदल लगेच झाला नाहीं. १८२५ सालीं बिशप हीबर पनवेलहून पुण्यास गेला, तेव्हां बोरघाट रुंद असूनही इतका खडा होता कीं भरलेली गाडी तेथून नेणें दुर्घट, आणि माल जनावरांच्या पाठीवरूनच चढत होता. नोव्हेंबर १८३० मध्यें गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें घाटांतील गाडीरस्ता खुला केला. बैलाच्या पाठीवरचें ओझें गाडींत उतरूं लागलें. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली आणि दहा वर्षांत, १८६३ सालीं, ती बोरघाट चढली. सोळा मैलांच्या आंत १८३१ फूट चढण असलेल्या त्या मार्गासाठीं पंचवीस बोगदे खोदावे लागले आणि हजारों मजूर त्यांत खपले. ज्या चढणीसाठीं तांडा दोन मुक्काम करी, ती चढण आतां गाडींत बसल्या बसल्या संपूं लागली. घाटमाथ्याचा व्यापार आगगाडीनें आपल्याकडे ओढून घेतला.

येथवरची हकीकत सर्वपरिचित आहे. परंतु आगगाडी प्रत्येक खेड्यांत गेली नव्हती. आडवाटेच्या गांवांना मीठ पोंचविण्याचें काम तांड्याकडे उरलें असतें, आणि कांहीं काळ तें उरलेंही. त्याला दुसऱ्या बाजूनें आघात झाला. १८३७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत मिठावर अबकारी कर बसला. मिठागरांवर पहारा आला आणि मीठ उचलण्यास सरकारी परवाना लागूं लागला. कराचा दर पुढील चाळीस वर्षांत वाढत गेला. ज्या तांड्याचा सारा व्यवहार तोंडच्या शब्दावर आणि पतीवर चाले, त्याला हा नवा कागदी कारभार सोसणें कठीण होतें.

त्याहून मोठा आघात गवतावर झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानें डोंगरउतारावरचीं विस्तीर्ण रानें राखीव झालीं. चराईस फी पडूं लागली, कांहीं रानें गुरांना पूर्णपणें बंद झालीं. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत याविरुद्ध एवढी ओरड झाली, कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. गांवकऱ्याच्या बाजूनें बोलावयास निदान गांव तरी होतें. तांड्याला गांव नव्हतें. त्याचें कुरण हें कोणत्याच दप्तरांत त्याच्या नांवावर नव्हतें. वाटेवरचें गवत विकत घ्यावें लागूं लागलें तेव्हां बैलावरच्या वाहतुकीचा एकमेव फायदा नाहींसा झाला. वर सांगितलेलें गवताचें गणित येथें मोडलें.

आणि अखेरचा आघात प्रत्यक्ष माणसावर झाला. १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला. आरंभीं तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ सालच्या नव्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. अनेक फिरत्या जमातींबरोबर बंजाऱ्यांच्याही शाखा ठिकठिकाणीं या यादींत घालण्यांत आल्या. ज्यांचीं नांवें यादींत आलीं त्यांना हजेरी, ठराविक जागीं वस्ती, आणि गांव सोडण्यास परवाना अशीं बंधनें लागूं झालीं. घर घेऊन फिरणें ही ज्यांची चाकरी म्हणून वेलस्लीनें वाखाणली, तीच गोष्ट शंभर वर्षांच्या आंत संशयाचें कारण ठरली. माणूस तोच, बैल तोच. बदलली ती त्याच्या मुक्कामाकडे पाहण्याची सरकारची दृष्टि. हा कायदा स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं रद्द झाला आणि त्या जमातींस ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत बंजारा समाजाचें नांव आजही आहे.

तांडे बसले म्हणजे त्यांतील माणसांचें फिरणें थांबलें, असें मात्र नाहीं. कांहींनीं शेती धरली, कांहींनीं शिक्षण घेऊन मोठीं पदें मिळविलीं. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ते याच बंजारा समाजांतील. परंतु मराठवाड्यांतील वंजारी व बंजारा कुटुंबें आजही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस निघतात आणि कारखान्याजवळच्या कोप्यांत सहा महिने संसार करतात. पेण-रोह्याच्या डोंगरांतील कातकरी कुटुंबेंही पाऊस सरतांच वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीशेजारीं झोपडी उभारतात, मुलें शाळेवांचून तेथेंच वाढतात, आणि मृगाच्या सुमारास तीं परत वाडीवर येतात. ऋतूबरोबर चालणें तेंच आहे. फरक एवढाच, कीं तांड्याचा नाईक आपला मुक्काम आपण ठरवी. भट्टीवरच्या माणसाचा मुक्काम त्यानें घेतलेली उचल ठरविते.

या पार्श्वभूमीवर अलीकडची एक घटना ध्यानांत घेण्याजोगी आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. घर असलेल्या मोटारींना थांबण्यासाठीं जागा असाव्यात, तेथें पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था असावी, हें त्यांत मान्य केलेलें आहे. धोरण योग्यच आहे. चालत्या घराला नुसता रस्ता पुरत नाहीं, त्याला मुक्कामाची जागा हवी, हें जुन्या तांड्यांना ठाऊक असलेलें सत्य शासनानें त्यांत स्वीकारलें आहे. हौसेनें फिरणाऱ्याला जें देणें योग्य, तें पोटासाठीं फिरणाऱ्याला देणें अधिकच योग्य होय. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडाशेजारीं पाणी, आडोसा आणि मुलांसाठीं शाळा असणें ही मागणी त्याच तत्त्वाची आहे.

सुरगडाच्या पायथ्याशीं मोटार उभी करून पहाटे गड चढणाऱ्याला वरून कुंडलिकेचें खोरें, हमरस्ता आणि कोंकण रेल्वेचा मार्ग एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात. त्या खोऱ्यांत कोठें तरी एखाद्या भट्टीचा धूरही दिसतो. बैलांची वाट तेथून दिसत नाहीं. ती गवताखालीं गेली आहे. परंतु गडावरच्या टांक्याच्या कांठीं पाणी पिण्यास वांकणाऱ्यानें एवढें मनांत आणावें, कीं खालच्या वाटेवरून मीठ घेऊन जाणारीं घरेंही अशाच एका पाण्याच्या आशेनें दिवसाची मजल पुरी करीत होतीं.